मिठातला अंगठा

कमळ,

दर भेटीला तू एकच विचारतेस, "बाई, सांगितलंत का?" आणि दर भेटीला मी कोलंबीचा भाव विचारून विषय बदलते. आता उत्तर लिहूनच देते. तू स्वतः वाचणार नाहीस, चष्मा सापडत नाही म्हणशील, तेव्हा सुनेकडून वाचून घे. रुचिका नीट वाचते. आणि ती वाचत असताना मध्ये मध्ये बोलू नकोस.

उत्तर एका ओळीचं आहे. पण त्याच्यामागची हकीगत मोठी आहे, आणि रेवदंड्यात ती जशी सांगितली जाते तशी ती घडलेली नाही. म्हणून हे पत्र मी चारचौघांच्या देखत लिहितेय असं समज. आता तुलाच 'तू असं केलंस, तू तसं म्हणालीस' करत बसले, तर ऐकणाऱ्याला वाटेल आपलं भांडण जुंपलंय. तेव्हा इथून पुढे तू कमळ. यात एक बाई येतील, अलिबागच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, त्या मी. त्यांच्याकडे फार लक्ष द्यायचं कारण नाही.

कमळचं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. लहानपणी तिच्या घरात कशालाही औषध एकच, मीठ. कैरी टिकवायची, मीठ. मासा टिकवायचा, मीठ. दात दुखला, मीठ. लग्न होऊन ती रेवदंड्याला आली तेव्हा बापाने पोरीबरोबर जाड्या मिठाची गोणी दिली होती, आणि पुढे दर वर्षी एक गोणी येत राहिली. भाऊ आता मिठागर सोडून डंपर चालवतात, तरी गोणी येते. कुठून आणतात कोण जाणे.

नवरा दत्तात्रेय न्हावाशेव्याच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. आठवड्यातले चार दिवस घरी नसतो, आणि असतो तेव्हा झोपलेला असतो. मुलगा अल्पेश. त्याचा टेम्पो आहे. रेवदंड्याच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि मुंबईला पोचवायची. कमळ स्वतः बाजारात बसते. मासे विकणाऱ्या पुष्कळ आहेत, पण कापून देणारी कमळ. दिवेआगरपासूनचे खानावळवाले तिच्याकडे येतात, कारण तिचा तुकडा सरळ असतो आणि त्यात काटा चिरडलेला नसतो. उजव्या हातात कोयता आणि डाव्या हाताचा अंगठा माशाच्या कल्ल्यात. तो अंगठा म्हणजे तिची अर्धी अक्कल होती असं ती म्हणायची. कल्ला उचलला की मासा कधीचा, पोट दाबलं की आत काय, हे त्या अंगठ्याला कळायचं आणि तिला तो सांगायचा. बघायची गरज नसे, त्यामुळे तोंड गप्पांना मोकळं.

त्या गप्पांनीच घात केला. मोठ्या घोळ माशाचं डोकं तोडत होती, शेजारणीने काहीतरी सांगितलं, कमळने मान वळवली आणि कोयता खाली आला. कोयता चांगला परजलेला असायचा तिचा. अंगठा मुळापासून साफ गेला.

पहिली हाक अल्पेशला गेली. तो टेम्पो भरत होता. त्याने जे केलं त्याची तारीफ रेवदंड्याने पुढे कितीतरी दिवस केली. अंगावरचा शर्ट काढून आईचा हात आवळून बांधला, हात वर धरायला सांगितला. मग ओट्यावरून अंगठा उचलला, नळाखाली स्वच्छ धुतला, थर्माकोलचा छोटा खोका घेतला. खाली ठेचलेला बर्फ, वर मूठभर जाडं मीठ, त्यावर अंगठा, वर पुन्हा मीठ, पुन्हा बर्फ. झाकण लावून चिकटपट्टी मारली. मुंबईला सुरमई पाठवायची तर अशीच जाते. मिठाने बर्फ जास्त गार होतो आणि माल ताठ राहतो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आईचा अंगठा, म्हणून मीठ आजोबांच्या गोणीतलं, चांगल्यातलं.

गावातल्या डॉक्टरांनी हाताला नीट पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं, मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात फोन केला आणि यांना पिटाळलं. खोक्यात अंगठा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तो कसा आहे हे उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. मांडव्याहून मुंबईला जाणारी बोट निघून गेली होती, म्हणून मागून घेतलेली गाडी रस्त्याने गेली, आणि वडखळला अडकली. वडखळला कोण अडकत नाही. अल्पेश हॉर्नवर हात ठेवून रडत होता, आणि कमळ मागच्या सीटवर हात वर धरून त्याला, रडू नको, पुढच्या एसटीला कट मारू नको, असं सांगत होती.

रुग्णालयात ज्यांनी खोका उघडला त्या डॉक्टर पूर्वी. हातांच्या शल्यचिकित्सेत नाव असलेल्या. वयाने कमळपेक्षा लहान, उंचीनेही. अल्पेश तेव्हा खाली केसपेपर काढायला रांगेत होता. डॉक्टरांनी झाकण काढलं आणि हातमोज्याच्या बोटाने मीठ बाजूला केलं. अंगठा राखाडी पडला होता आणि दगडासारखा कडक. कमळने आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले आहेत. डॉक्टरांचा चेहरा तिला लगेच कळला.

"हे मीठ कुणी घातलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच घालाय लावलं," कमळ म्हणाली.

तिने विचार केला नव्हता. तोंडातून आपोआप आलं. डॉक्टरांनी मग तिला सरळ सांगितलं, आणि याबद्दल त्या डॉक्टरांना मी मानते, की त्यांनी गोडगोड केलं नाही. नुसत्या बर्फाचं पाणी गोठण्याच्या आसपास राहतं. त्यात मीठ पडलं की ते त्याच्याही कितीतरी खाली जातं. आतल्या प्रत्येक पेशीत पाणी असतं, त्याचा बर्फ होतो आणि पेशी फुटतात. वर मीठ पाणी ओढून घेतं ते वेगळंच. अंगठा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून ती बर्फावर ठेवली असती, तर वडखळला अजून दोन तास अडकलात तरी चाललं असतं. मासा मेलेलाच असतो, त्याला टिकवायचं असतं. अंगठा जिवंत असतो.

अल्पेश जिना चढून धापा टाकत वर आला तेव्हा कमळने डॉक्टरांना तोंड उघडू दिलं नाही.

"न्हाय जमत म्हनतात रं," ती म्हणाली. "वडखळला टाइम गेला ना, म्हनून."

तेव्हापासून रेवदंड्यात कमळचा अंगठा वडखळच्या ट्रॅफिकने खाल्ला. बाजारात, धक्क्यावर, हळदीच्या मांडवात, सगळीकडे. आणि दुसरं वाक्य त्याला जोडूनच येतं: पोराने मात्र डोकं लावलं, मिठात-बर्फात ठेवून नेला, एवढं कुणाला सुचतं. लोक अल्पेशच्या पाठीवर थाप मारायचे आणि कमळ तोंड फिरवून तराजू पुसायची.

हाताची जखम भरली. डाव्या हाताला चार बोटं आणि एक बुंधा राहिला. चार बोटांनी मासा धरून बघा, म्हणजे अंगठा काय चीज आहे ते कळेल. बादली उचलता येते, पण बाटलीचं झाकण धरता येत नाही. कापायचं काम रुचिकाकडे गेलं. रुचिका हुशार आहे, पण तिचा तुकडा वाकडा, आणि खानावळवाले तोंडावर काही न बोलता दुसरीकडे जायला लागले. कमळ स्टुलावर बसून सूचना करायची. सासू-सुनेत पूर्वी कधी झाली नव्हती ती धुसफुस सुरू झाली.

डॉक्टर पूर्वींनी तपासणीला बोलावलं तेव्हा मार्ग सुचवला. पायाचं बोट काढून अंगठ्याच्या जागी लावायचं. हे काही आजचं नाही, जगात पन्नासेक वर्षं चाललंय. पण सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने रक्तवाहिन्या शिवायच्या, मज्जातंतू शिवायचे, हे काम आता पूर्वीपेक्षा पुष्कळ भरवशाचं झालंय. पायाचा अंगठाच घेतला तर हाताला शोभून दिसतो, पण पाऊल दुबळं होतं. त्याच्या शेजारचं दुसरं बोट घेतलं तर हातावर जरा बारीक दिसतं, पण पाऊल जवळपास होतं तसं राहतं. ओल्या धक्क्यावर आणि शेवाळलेल्या ओट्यावर उभं राहायचं तर पायाचा अंगठा लागतो. कमळने क्षणात सांगितलं, दुसरं बोट घ्या.

घरी आल्यावर लक्षात आलं की ते जोडव्याचं बोट आहे.

सासू नीराबाई. ऐंशीच्या पुढच्या, ऐकू कमी येतं, पण नको तेवढं बरोबर ऐकू येतं. त्यांनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. नवरा हयात असताना बाई जोडवं उतरवत नाही, आणि ही जोडव्यासकट बोटच उतरवायला निघाली. दुसरं कुठलंही बोट द्या, करंगळी द्या, पण ते नको. बाईंना समजूत घालायला बोलावणं आलं. बाईंनी रक्तवाहिन्यांची रचना काढून दाखवली, नीराबाईंनी चित्राकडे पाहिलंही नाही.

"जोडव्याचं बोट काढून त्यानं मासं कापशील काय गो?" त्या सुनेला म्हणाल्या.

"दुसऱ्या पायात हाय ना जोडवं," कमळ म्हणाली. "एका पायातलं गेलं म्हनून तुमचा लेक काय अर्धा व्हनार हाय?"

लेक पलीकडे झोपला होता असं सगळ्यांना वाटत होतं. तो डोळे न उघडता बोलला. आपण ट्रेलर चालवतो, आपल्याला गिअरला हात लागतो, तिला कोयत्याला लागतो, पायाकडे कोण बघतंय. आणि जोडवं शेजारच्या बोटात घाल, ते काय रिकामंच बसलंय. एवढं बोलून त्याने कूस बदलली. दत्तात्रेयाच्या संसारातलं हे सगळ्यात लांब भाषण असावं. नीराबाईंनी त्या संध्याकाळी भाकरी खाल्ली, वर मागून सुकट घेतली.

शस्त्रक्रियेच्या आधी राही नावाची एक मुलगी कमळला भेटायला आली. ती डॉक्टर होती, पण शस्त्रक्रिया करणारी नव्हती. प्रयोगशाळेत काम करणारी. तिचा विषय मज्जातंतू. तुटलेला मज्जातंतू शिवला तरी तो लगेच चालू होत नाही. शिवलेल्या जागेच्या पुढचा भाग मरतो, नुसती पोकळ नळी राहते, आणि मागून नवा तंतू त्या नळीतून हळूहळू वाढत जातो, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कधी वाट चुकतो, कधी मध्येच थांबतो. थांबला की बोट जिवंत, पण बधिर. शरीर अशा वेळी काही प्रथिनं तयार करतं, जी त्या तंतूला पुढे बोलावतात, पण ती लवकर ओसरतात. राहीच्या लोकांनी त्यातलं एक प्रथिन प्रयोगशाळेत बनवलं होतं. ते एका मऊ जेलमध्ये घालून शिवणीभोवती ठेवायचं, म्हणजे ते पुष्कळ दिवस थोडंथोडं झिरपत राहील. प्राण्यांमध्ये चाललं होतं. माणसांत किती चालतं हे आता बघायचं होतं.

कमळ बाईंकडे बघायला लागली. बाई म्हणाल्या, मिठागर आठव. समुद्राचं पाणी वाफ्यात घ्यायला आधी चर खणलेला असतो. चर आहे, पण उघाडीचं दार वर केलं नाही तर भरती येऊनही वाफा कोरडा. नळी म्हणजे तुझा चर. हे औषध म्हणजे उघाडीवर बसवलेला माणूस.

हे कमळला पटलं. पण पुढचं अजिबात पटलं नाही. ज्यांच्यावर हा अभ्यास होणार त्यांतल्या निम्म्यांना औषधाचं जेल मिळणार होतं आणि निम्म्यांना नुसतं साधं. कुणाला कुठलं हे ना रोग्याला कळणार, ना नंतर तपासणाऱ्या राहीला. कमळने विचारलं, हे काय, बर्फाच्या फॅक्टरीत नंबर लागतो तसं? लागला तर लागला? राहीने न कंटाळता समजावलं, की कुणाला मिळालंय हे माहीत असेल तर तपासणाऱ्याचं मन त्या बाजूला झुकतं, आणि रोग्याचंही. शस्त्रक्रिया सगळ्यांची सारखीच होणार, आणि नाही म्हटलं तरीही होणार. कमळने कागद पुढे ओढला. मग म्हणाली, घ्या मना. माज्यावर न्हाय चाललं तरी तुमाला कळंल ना काहीतरी. सही उजव्या हाताने केली, सुबक.

बोट बसवलं. पूर्ण दिवस लागला. दुसऱ्या दिवशी नवा अंगठा निळा पडायला लागला. रक्त आत येत होतं, बाहेर जात नव्हतं. डॉक्टर पूर्वींनी बाटली मागवली आणि बाटलीतून जळू काढून अंगठ्यावर सोडली. ती आतलं साठलेलं रक्त ओढते, आणि तिच्या लाळेत असं काही असतं की रक्त गोठत नाही, जखम वाहती राहते. तोवर आतल्या शिरा रुळतात. एवढी मोठी यंत्रं, एवढी बारीक सुई, आणि शेवटी जळू. नवी नर्स भिंतीला टेकून उभी होती. कमळ भाताच्या आवणीच्या दिवसांत मामाच्या खाचरात जळवा काढत मोठी झालेली. तिने नर्सला सांगितलं, घाबरू नको गो, पोट भरलं की आपनच सोडते. तिने सोडलंही. अंगठा गुलाबी झाला आणि राहिला.

घरी आल्यावर बघायला रांग लागली. अंगठा बारीक होता, नख छोटं, जरा आत वळलेला. पोरं विचारायची, याला चप्पल लागते का. कमळ कुणालाही दाखवायची आणि कुणावरही रागवायची नाही. अंगठा हलायचा, वाकायचा, रुचिकाच्या हातातली पिशवी धरायचा. फक्त त्याला काही कळत नव्हतं. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही. कमळ त्याला जावईबापू म्हणायची: येऊन बसलेत, दिसायला बरे आहेत, कामाचं काही विचारू नका.

थट्टा ती लोकांपुढे करायची. बाईंच्या पडवीत येऊन बसली की वेगळं बोलायची. तिला धंद्याची काळजी होती, पण त्याहून मोठी एक होती. अल्पेश दिवसभर धक्क्यावर असतो. तिथे दोरखंड असतात, जाळी ओढणारा यारीचा रहाट असतो, कोयते असतात. वर्षा-दोन वर्षांत कुणाचं ना कुणाचं बोट जातंच. आणि आता सगळ्या धक्क्याला ठाऊक झालंय की बोट तुटलं तर अल्पेशसारखं मिठात घालायचं. उद्या खरंच कुणाचं तुटलं तर लोक त्यालाच हाक मारतील, आणि तो आजोबांच्या गोणीत हात घालेल. त्याला सांगायला तर हवं. पण कसं सांगायचं? त्याला सांगायचं म्हणजे तुझ्या आईचा अंगठा तू मारलास असं सांगायचं. बधिर अंगठा पुढ्यात धरून हे कसं बोलायचं?

"हा एकदा जागा होऊ दे," ती म्हणायची. "मग सांगितलं तरी त्याला लागायचं न्हाय. मग मी म्हनीन, बग, तो गेला तर हा आला."

म्हणजे राहीच्या अभ्यासाला जी घाई नव्हती ती कमळला होती. दर खेपेला मुंबईला जायची, डोळे मिटून बसायची, आणि राही नायलॉनच्या बारीक-जाड दोऱ्यांनी अंगठ्याला स्पर्श करून विचारायची, लागतंय? कमळने एकदा खोटंच हो म्हटलं. राहीने तेव्हा दोरा लावलेलाच नव्हता. दोघी हसल्या, पण परत येताना कमळ बोटीवर कुणाशी बोलली नाही. घरी बोट तांदळात खुपसून ठेवायचा व्यायाम दिला होता. तिने तांदळाऐवजी सुका जवळा घेतला. तांदूळ घरात शिजवायला लागतात, म्हणाली. घरभर वास.

आणि मग एका सकाळी, बाजार नुकता भरलेला, रुचिका कोलंबी निवडत होती आणि कमळ सवयीने डाव्या हाताने तिला टोपलीतली एकेक काढून देत होती. मध्येच तिने हात झटकला आणि जिच्या डोक्याचा काटा टोचला त्या कोलंबीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रुचिका आपलं काम करत राहिली. टोपलीत हात घातला की टोचतंच. मग तिच्या लक्षात आलं की सासूबाई गप्प झाल्यात, आणि डाव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरून बसल्यात. अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता. कमळने तो थेंब पुसला नाही. दुसरी कोलंबी घेतली आणि मुद्दाम तिथेच टोचून बघितली. पुन्हा शिवी दिली. त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन मूठ कोलंबी वर मिळाली आणि का मिळाली ते त्याला अजून कळलेलं नसेल.

पुढच्या खेपेला राहीच्या जाड दोऱ्याला अंगठा खरंच हो म्हणाला. त्याच्या पुढच्या खेपांना आणखी बारीक दोऱ्याला. आता कल्ला उचलून मासा कधीचा ते सांगतो. पोटातलं अजून सांगत नाही. कापायचं काम कमळने परत घेतलंय. मात्र आठवड्यातून दोन दिवस रुचिकाला बसवते, आणि तिचा तुकडा आता सरळ येतो. कमळला औषधाचं जेल मिळालं होतं की साधं, ते अभ्यास संपेपर्यंत कुणी सांगणार नाही. बाईंना हे जाणून घ्यायची फार खाज आहे. कमळला नाही. ती म्हणते, जावई कामाला लागला ना, मग कुणी समजावलं ते कशाला विचारायचं.

कोलंबीचा काटा टोचला त्याच संध्याकाळी ती बाईंच्या पडवीत आली होती. अंगठा जागा झाला होता, तेव्हा आता अल्पेशला सांगायची वेळ आली होती. आणि तिची जीभ वळत नव्हती.

"तुमी सांगा बाई," ती म्हणाली. "तुमी शिकवल्यासारखं सांगाल. मी सांगाय गेले तर रडंन, आनि मग तो पन रडंल."

बाईंनी हो म्हटलं.

तर कमळ, आता पुन्हा तू. हो म्हटल्यावर मी टाळाटाळ केली असं तुला वाटतं. मी दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर गेले होते. काय बोलायचं ते घरी ठरवून. उन्हात, या गुडघ्यांनी. तुझा अल्पेश टेम्पोच्या मागे उभा होता, त्याच्याभोवती एका होडीवरचे चार-पाच नवे खलाशी, आणि तो त्यांना काहीतरी दाखवत होता. मला पाठमोरा, त्यामुळे मी ऐकलं ते सगळं. त्याच्या हातात एक स्वच्छ फडकं होतं आणि तोंड बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी. फडकं पाण्यात बुडवायचं, पिळायचं, बोट त्यात गुंडाळायचं, पिशवीत घालायचं, पिशवी बर्फावर. बर्फ बोटाला लागता कामा नये. आणि मीठ अजिबात न्हाय, तो म्हणाला, मिठानं मरतं. खलाशांतल्या एकाने विचारलं, पण तू तर आईचा मिठात नेला होतास ना. तो म्हणाला, म्हनूनच सांगतो.

मग त्याने मला पाहिलं. माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं मी कशाला आलेय. तो सांगू लागला. डॉक्टरांचं तोंड त्याने जिन्यातूनच बघितलं होतं. तू वडखळचं नाव घेतलंस, त्याने मान हलवली, आणि खाली जाऊन तुटलेलं बोट कसं न्यायचं असतं ते मोबाइलवर वाचलं. तेव्हापासून टेम्पोत पुढच्या कप्प्यात फडकं आणि पिशवी आहे, आणि प्रत्येक होडीला त्याने हे दाखवलंय. फक्त तुझ्या बाजाराच्या बाजूला बोलत नाही.

"आईला बिचारीला वडखळवर चिडू दे," तो म्हणाला. "तिनं माज्यासाठी एवढं रचलंय, ते मी कशाला मोडू."

मला त्याने गप्प राहायला सांगितलं नाही, आणि मी वचन दिलं नाही. एवढे दिवस मी दोघांच्या मध्ये तोंड शिवून बसले, ते माझ्या स्वभावाला धरून नाही हे तू जाणतेसच. आता माझ्याच्याने होत नाही. तेव्हा रुचिकाने इथपर्यंत वाचलं असेल तर तिला थांबव, आणि अल्पेशला काय म्हणायचं ते तूच ठरव. मी त्या दिवशी त्याच्याकडून पाऊण किलो बोंबील घेतले, त्याने पैसे घेतले नाहीत, आणि ठरवून नेलेलं सगळं तसंच पोटात ठेवून रिक्षाने घरी आले. तू सांगितलेलं काम राहिलं ते राहिलंच.